कलावंताचा मालक कोण?

जर्मनीच्या महामार्गांवर गुरुवारपासून रविवारपर्यंत, मालवाहू ट्रकांच्या रांगांमधून वाट काढीत, भाड्याने घेतलेल्या नऊ आसनी व्हॅन धावताना दिसतात. पुढे चारपाच स्त्रीपुरुष, पुष्कळदा ऐन तारुण्याची वर्षे ओलांडलेले. मागे ड्रम, ध्वनिवर्धक, गिटारच्या पेट्या आणि विक्रीसाठी नेलेल्या टी-शर्टांची खोकी. कोणत्याही बड्या ध्वनिमुद्रण कंपनीशी बांधले न गेलेल्या, म्हणून ‘स्वतंत्र’ म्हणवल्या जाणाऱ्या संगीतकारांचे हे दौरे होत. या स्वातंत्र्याचा अर्थ नीट तपासून घेतला पाहिजे. मालक नाही म्हणून हुकूम करणारा कोणी नाही, हे खरे. परंतु मालक नाही म्हणूनच आजारपणाची रजा, म्हातारपणचे निवृत्तिवेतन वा औषधपाण्याचा खर्च ज्याच्याकडे मागावा असाही कोणी नाही.

दौऱ्यातला दिवस ठरलेला असतो. सकाळी उशिरा निघायचे, तीनचारशे किलोमीटर कापायचे, दुपारी चारपाचच्या सुमारास पुढल्या गावच्या क्लबसमोर गाडी लावून सामान उतरवायचे. मग ध्वनीची चाचणी, मग जेवण, मग दोनअडीच तास नुसती वाट पाहणे. प्रत्यक्ष गायनवादन तास-सव्वा तासाचे. त्यानंतर टी-शर्ट आणि तबकड्यांच्या टेबलामागे उभे राहणे, मध्यरात्रीनंतर पुन्हा सामान आवरणे, आणि क्लबच्याच माडीवरील पाहुण्यांच्या खोलीत अथवा एखाद्या कार्यकर्त्याच्या घरी जमिनीवर अंथरलेल्या गादीवर झोपणे. सुपारी कित्येक महिने आधी घ्यावी लागते, आणि गावांचा क्रम नकाशापेक्षा कोणत्या क्लबची कोणती तारीख रिकामी आहे यावर ठरतो. त्यामुळे आज हॅम्बुर्ग आणि उद्या म्युनिक, मध्ये पावणेआठशे किलोमीटरची एकच दौड, असेही घडते. सोमवार-मंगळवार बहुधा कोरडे जातात. गाडीचे भाडे मात्र त्या दिवसांचेही चढत असते. एकटा गायक असेल तर तो मे २०२३ मध्ये सुरू झालेले देशभराचे मासिक तिकीट काढतो. ते प्रथम ४९ युरोंना होते, जानेवारी २०२६ पासून ६३ युरोंना झाले. त्यावर जलद गाड्यांतून मात्र जाता येत नाही, म्हणजे वाचलेल्या पैशाची भरपाई वेळाने करावी लागते.

याचा हिशेब मांडून पाहावा. समजा, चौघांचा वाद्यवृंद बारा दिवसांत नऊ कार्यक्रम करतो आणि दर कार्यक्रमास सरासरी ४०० युरो बिदागी मिळते. जमा ३,६०० युरो. गाडीचे भाडे रोजचे १०० युरो धरले तर १,२००. अडीच हजार किलोमीटरचे डिझेल ४००. कार्यक्रम ठरवून देणाऱ्या मध्यस्थाचे पंधरा टक्के म्हणजे ५४०. तारा, ड्रमच्या काठ्या, पार्किंग व किरकोळ मिळून २००. उरले १,२६०. माणशी ३१५ युरो, दिवसाला सुमारे २६. जर्मनीतील कायदेशीर किमान वेतन २०२५ साली ताशी १२ युरो ८२ सेंट होते. दिवसाचे बारा-चौदा तास गुंतलेल्या माणसाच्या हाती दोन तासांचे किमान वेतन पडले, असा याचा अर्थ होतो. रचना, सराव, पत्रव्यवहार यांचे श्रम यात धरलेलेच नाहीत. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. पण ज्यांनी असे दौरे केले त्यांना ते अनोळखी वाटू नयेत. पुष्कळ वाद्यवृंद तोट्यातून वाचतात ते टी-शर्ट खपल्यामुळे. संगीत जवळजवळ फुकट आणि कापड रोख पैशाला, असा हा उलटा बाजार आहे.

एकेकाळी दौरा काढायचा तो तबकडी खपावी म्हणून. आता तबकडीचे उत्पन्नच आटले आहे. स्पॉटिफाय या कंपनीने २०२४ पासून असा नियम केला की, मागील बारा महिन्यांत जे गाणे किमान एक हजार वेळा ऐकले गेले नाही त्यावर मोबदला द्यायचा नाही. दुसऱ्या टोकाला सीटीएस इव्हेंटिमसारखी कंपनी तिकिटे विकते, कार्यक्रमांचे आयोजन करते आणि कोलोनचे लांक्सेस अरेना, बर्लिनचे वाल्डब्यूने यांसारखी प्रेक्षागारेही चालवते. या दोन जात्यांच्या मधे लहान क्लब आणि त्यात वाजवणारे कलावंत आहेत.

मग हे दौरे मुळात चालतात कसे? परदेशांतून येणारे संगीतकार जर्मनीचे कौतुक करतात ते तेथे गरम जेवण आणि झोपायला जागा मिळते म्हणून; ब्रिटनमधील लहान क्लबांत तेवढेही सहसा लाभत नाही. या आतिथ्याला इतिहास आहे. महायुद्धानंतर सांस्कृतिक कारभार केंद्राऐवजी घटक राज्यांकडे आणि नगरपालिकांकडे गेला, त्यामुळे मध्यम आकाराच्या गावालाही स्वतःचे सांस्कृतिक अंदाजपत्रक असते. १९७० नंतरच्या दशकात तरुणांनी गावोगाव स्वतः चालवायची युवक केंद्रे मागितली, काही ठिकाणी रिकाम्या इमारती ताब्यात घेऊन उभारली. डिसेंबर १९७१ मध्ये बर्लिनच्या क्रॉइत्सबेर्ग भागातील बेथानियन रुग्णालयाची रिकामी इमारत तरुणांनी व्यापली, ती टोन श्टाइने शेर्बेन या वाद्यवृंदाच्या कार्यक्रमातून उठून. अशा केंद्रांपैकी पुष्कळ आज नगरपालिकेच्या अनुदानावर आणि स्वयंसेवकांच्या विनावेतन श्रमावर चालतात. कलावंताला मिळणाऱ्या जेवणाची किंमत कोणीतरी आपल्या श्रमाने चुकती करीतच असतो.

याच वाद्यवृंदाची पुढची कथा डाव्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम लक्षात घ्यावी. त्यांनी स्वतःची ध्वनिमुद्रण संस्था काढली, मोर्चे, संप, सभा यांसाठी गाणी केली. आणि चळवळीतील मंडळी त्यांना हक्काने, बिनपैशाने बोलावू लागली. बिदागी मागणे हाच जणू वैचारिक ऱ्हास! ही माणसे थकून १९७५ मध्ये बर्लिन सोडून उत्तरेकडच्या एका खेड्यात राहायला गेली, आणि १९८५ मध्ये कर्जाच्या डोंगराखाली वाद्यवृंद मोडला. त्यांचे गायक रिओ रायझर यांनी नंतर बड्या कंपनीशी करार केला, तेव्हा त्यांना गद्दार म्हणणारेही निघाले. कारखान्यातील अतिरिक्त मूल्यावर तासभर बोलणाऱ्या माणसाला व्यासपीठावरच्या गायकाचे श्रम दिसत नाहीत, हा दोष केवळ जर्मनीपुरता नाही. या वाद्यवृंदाच्या अखेरच्या काळातील व्यवस्थापक क्लाउडिया रोट पुढे ग्रीन पक्षाच्या नेत्या झाल्या आणि २०२१ ते २०२५ या काळात केंद्र सरकारात सांस्कृतिक खात्याच्या राज्यमंत्री होत्या. मुख्यतः केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या उपक्रमांत स्वतंत्र कलावंतांना किमान मानधन द्यावे, हा नियम त्यांच्याच कारकीर्दीत, जुलै २०२४ पासून लागू झाला. नगरपालिकेच्या क्लबांना तो लागू नाही.

परंतु खरे महत्त्वाचे पाऊल त्याच्या चार दशके आधी पडले होते. लेखक व कलावंत यांच्या आर्थिक स्थितीची पाहणी करणारे दोन अहवाल १९७२ व १९७५ मध्ये निघाले आणि कलावंत म्हातारपणी किती निराधार होतो हे उघड झाले. हेल्मुट श्मिट यांच्या सरकारच्या काळात १९८१ मध्ये कलावंतांच्या सामाजिक विम्याचा कायदा झाला आणि १ जानेवारी १९८३ पासून तो अमलात आला. त्यामागील विचार साधा होता. नोकरदाराच्या विम्याची अर्धी वर्गणी मालक भरतो; कलावंताला मालक नाही; तेव्हा कलेचा उपयोग करून जे पैसा मिळवतात ते सगळे मिळून त्याचे मालक समजावेत. कलावंत अर्धी वर्गणी भरतो, तीस टक्के प्रकाशक, क्लब, आयोजक, जाहिरातदार यांच्याकडून मानधनाच्या रकमेवर पट्टी बसवून घेतले जातात, आणि वीस टक्के केंद्र सरकार देते. ही पट्टी २०२३ ते २०२५ या वर्षांत ५ टक्के होती, २०२६ साठी ती ४.९ टक्के ठरली. विल्हेल्म्सहाफेन या बंदराच्या गावी निधीची कचेरी आहे आणि सुमारे १ लाख ९० हजार कलावंत व लेखक त्यात आहेत. उद्योगधंद्यांनी तक्रारी केल्या. घटनात्मक न्यायालयाने १९८७ मध्ये पट्टी वैध ठरवली. २००८ मध्ये राज्यांच्या सभागृहाच्या समित्यांनी कायदा रद्द करावा किंवा निदान तो उद्योगांना सोयीचा करावा अशी शिफारस केली, तीही गदारोळानंतर बारगळली.

महाराष्ट्रातील वाचकांना हा विचार नवा वाटू नये. १९६९ च्या माथाडी कायद्याने हेच केले: आज या व्यापाऱ्याचे, उद्या त्या व्यापाऱ्याचे ओझे वाहणाऱ्या हमालासाठी मंडळ स्थापून सर्व व्यापाऱ्यांकडून लेव्ही घेतली. तमाशाच्या फडाला वा बँडवाल्यांना ती रीत कोणी लावली नाही. वृद्ध कलावंतांना शासन मानधन देते, पण ते अर्जावर आणि निवड समितीच्या शिफारशीवर.

जर्मन कायद्याच्या मर्यादाही मोठ्या आहेत. विमा उत्पन्नाच्या प्रमाणात, आणि निधीकडे नोंदलेले संगीतकारांचे सरासरी वार्षिक उत्पन्न वीस हजार युरोंच्या आतले. स्त्रियांचे त्याहून कमी. पूर्ण वेळ किमान वेतनावर राबणारा कामगार याहून अधिक मिळवतो. म्हणजे निवृत्तिवेतन आले तरी ते तुटपुंजेच. बेकारीचा विमा या योजनेत नाही. २०२० मध्ये साथीमुळे सारे क्लब बंद झाले तेव्हा हे उणे उघडे पडले. केंद्राची तातडीची मदत फक्त ‘धंद्याच्या खर्चा’साठी होती, घरभाडे आणि जेवण हे धंद्याचे खर्च नव्हेत, त्यासाठी गरिबांच्या निर्वाहभत्त्याकडे जावे, असे सांगण्यात आले. वादकाचा धंदा म्हणजे त्याचे दोन हात. त्यांचा चालू खर्च म्हणजे जेवणच, हे अर्थखात्याच्या तक्त्यात बसले नाही. पुढे जानेवारी ते जून २०२१ साठी एकट्याने व्यवसाय करणाऱ्यांना साडेसात हजार युरोंपर्यंत रक्कम मिळाली.

परदेशी वाद्यवृंदांची स्थिती आणखी चमत्कारिक आहे. ब्रिटिश संगीतकारांना जानेवारी २०२१ पासून १८० दिवसांत ९० दिवसांचीच मुभा आहे, आणि टी-शर्टांच्या खोक्यांना जकातीचे कागद लागतात. परदेशी कलावंताच्या मानधनातून १५ टक्के प्राप्तिकर व त्यावरील अधिभार कापला जातो. एका कार्यक्रमाचे माणशी २५० युरोंपर्यंतचे मानधन त्यातून सुटते, म्हणून लहान मंडळी वाचतात. विम्याची पट्टी मात्र क्लबला परदेशी कलावंताच्या मानधनावरही भरावी लागते. तसे नसते तर परदेशी माणूस स्वस्त पडला असता आणि जर्मन कलावंताची सुपारी गेली असती, त्यामुळे तरतूद योग्यच आहे. पण वॉर्साहून वा ब्रिस्टलहून आलेल्या वादकाच्या नावावर विल्हेल्म्सहाफेनमध्ये काही जमा होत नाही. युरोपीय संसदेने नोव्हेंबर २०२३ मध्ये कलावंतांच्या सामाजिक सुरक्षेसाठी सर्व सदस्य देशांना लागू होईल अशी चौकट करावी, असा ठराव केला. त्याचा कायदा झालेला नाही.