डेटाशीट वाचा, क्लासवाल्याची वही फेका

गल्लोगल्ली एम्बेडेडचे क्लास निघालेत. फी भरा, किट घ्या, तयार कोड चिकटवा, एलईडी लुकलुकला की टाळ्या. का लुकलुकला विचारा, मास्तर म्हणतो, 'ते लायब्ररीच्या आत असतं, तुम्हाला काय करायचंय?'

हे 'तुम्हाला काय करायचंय' आपल्या चांगलं ओळखीचं आहे. आज्या-पणज्यानंही तेच ऐकलं. फरक एवढाच, की ही पोथी कुलपात नाही. आर्डुइनो उनोवरची चिप म्हणजे एटमेगा ३२८पी. आधी अ‍ॅटमेलची, २०१६ पासून मायक्रोचिपची. तिची डेटाशीट कंपनी फुकट देते. शेकडो पानं, आणि कुठल्या रजिस्टरचा कुठला बिट काय करतो ते सगळं छापलेलं.

उनोची १३ नंबरची पिन म्हणजे चिपच्या हिशेबात पोर्ट बीचा बिट ५. डीडीआरबी रजिस्टरमध्ये तो बिट १ केला की पिन आउटपुट झाली. पोर्टबीमध्ये तोच १ केला की दिवा पेटला. सीच्या दोन ओळी. झाली लायब्ररीची जादू!

आता लॅमिंग्टन रोडवरनं कोरी चिप आणा. १६ मेगाहर्ट्झ धरून एका सेकंदाचा डिले लिहा. दिवा १६ सेकंद ढिम्म. पोरगं म्हणतं, चिप डुप्लिकेट. अरे, कारखान्यातून येतानाच तिच्या आतल्या ८ मेगाहर्ट्झच्या घड्याळाला ८ ने भागणारा फ्यूज चालू असतो. उरला १ मेगाहर्ट्झ. हे डेटाशीटमध्ये लिहिलंय. क्लासवाल्यानं वाचलंय का, ते त्यालाच विचारा.

इंग्रजीला भिऊ नका. ही साहेबाची इंग्रजी नव्हे. सेट, क्लिअर, रीड, राइट, तीच चार-दोन क्रियापदं पानोपानी राबतात. अडचण वेगळीच आहे. डेटाशीट सांगते, शिकवत नाही. पहिल्या पानापासून वाचायला घेतली तर माणूस झोपतो. सी शिकायला कर्निगन-रिचीचं १९७८ चं पुस्तक आहे, बारीकसंच, पण त्यात पोर्ट-बिर्ट काही नाही. म्हणून दोन्ही शेजारी उघडी ठेवायची.

डिप्लोमाला ८०५१ असेल तर नाक मुरडू नका. इंटेलची १९८० ची चिप, ४ केबी रॉम, १२८ बाइट रॅम. सगळी डोक्यात मावते. गाईडातनं तिची उत्तरं पाठ करून घेतात, तो खरा सत्यानाश.

आणि इराटा नावाचा भाग बघाच. कंपनी आपल्याच चिपचे दोष तिथं छापते, उपायासकट. असली कबुली देणारी पोथी मी तरी दुसरी पाहिली नाही.

चौघांत मिळून एक प्रिंट काढा. आधी पोर्टचं प्रकरण, मग टायमर, मग इंटरप्ट. यूएआरटीपर्यंत पोचलात की चिप कॉम्प्युटरच्या पडद्यावर स्वतःच अक्षरं पाठवायला लागते. मग आत काय चाललंय ते तिलाच विचारता येतं.