बकासुराचा गाडा आणि विडंबनाची व्याख्या

वीरकथेचे विडंबन ही पाश्चात्त्यांची मिरासदारी आणि राक्षसवधाची श्रद्धाळू आख्याने ही आपली, ही वाटणी मराठी समीक्षेने इतक्या सहजपणे मान्य केली आहे की तिला पुरावा लागतो असेही कुणाला वाटत नाही. टोल्किनच्या ‘फार्मर जाइल्स ऑफ हॅम’ (१९४९) या कथेत ड्रॅगन चालून येतो तेव्हा राजाचे सरदार मानपानाच्या क्रमावर वाद घालत असतात. एक शेतकरी त्या ड्रॅगनला न मारताच वठणीवर आणतो आणि खजिना राजाला न देता स्वतःच ठेवून घेतो. येथे आपल्याला वीरमिथकाचे विखंडन तत्काळ दिसते. तसे ते आहेही. मग आदिपर्वातील बकवधापाशी येताच आपली दृष्टी एकाएकी भाविक का होते?

त्या आख्यानातील बक हा बाहेरून आलेला आक्रमक नाही. तो एकचक्रा नगरीचे परचक्रापासून रक्षण करतो आणि त्याबद्दल गाडाभर भात, दोन रेडे व एक माणूस एवढे ‘वेतन’ घेतो. शब्द महाभारताचाच आहे. तेथला राजा दुबळा आहे, हेही यजमान ब्राह्मण स्पष्ट सांगतो. म्हणजे प्रश्न अधर्माचा जितका, तितकाच करवसुलीचाही आहे. भीम काय करतो? तो तो कर खाऊन टाकतो. बक पाठीवर प्रहार करीत असताना मान न वळवता जेवण संपवतो, हात धुतो आणि मग युद्धाला उभा राहतो. वधानंतर नगरजन उत्सव करतात, तो मंत्रसिद्ध ठरवलेल्या एका अनामिक ब्राह्मणामुळे. खरा वीर श्रेयाविना भिक्षेच्या अन्नावर परततो. वीरकथेची प्रत्येक अट येथे उलटी केली आहे. गंमत अशी की मराठीत खादाडाला आपण ‘बकासुर’ म्हणतो, आणि आख्यानभर जेवताना दिसतो तो वृकोदर!

हे न दिसण्याचे कारण आपल्या व्याख्येत आहे. केशवकुमारांच्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) या संग्रहाने विडंबनाला प्रतिष्ठा दिली खरी, परंतु समीक्षकांनी त्यावरून विडंबन म्हणजे दुसऱ्याच्या कवितेच्या शैलीची नक्कल, असा संकुचित अर्थ पक्का केला. त्यामुळे कथनातले विडंबन बेघर झाले. दशावतारातला संकासुर वेद पळवतो, मालवणीत थट्टा करतो आणि अखेर विष्णूच्या हातून मरतो. त्याची रवानगी लोकसाहित्याच्या दालनात. ‘वाङ्मयीन’ हसण्यासाठी मात्र आपल्याला बाख्तिनची परवानगी लागते. बाख्तिनशी माझे वैर नाही. पण त्याच्या कार्निवलमधली उलथापालथ सण सरताच ओसरते; एकचक्रेत गाडा पुन्हा निघत नाही, हा भेद उसन्या संज्ञेत मावत नाही.

आमच्या इंदापूरच्या शेजारी, बारामतीत, मोरोपंतांनी (१७२९–१७९४) अठरा पर्वांचे आर्याभारत रचले. पंतांवर यमकांखेरीज काही लिहायचे असते, हे आम्ही अध्यापकच विसरलो आहोत. त्यांचे आदिपर्व कथन म्हणून वाचावे. भीमाच्या त्या जेवणाला पंत कोणता स्वर देतात, हे मूळ संहितेशेजारी ठेवून तपासावे. पदव्युत्तर वर्गात हे काम एका सत्रात होण्याजोगे आहे.