ब्रँडचा हट्ट नव्हे, हक्काचा प्रश्न

थायरॉईडची नेहमीच्या कंपनीची गोळी मिळत नाही अशी तक्रार केली, की आपल्यातलेच काही पुरोगामी हसतात. ब्रँडचा हट्ट म्हणे श्रीमंतांचा चोचला! साफ खोटे आहे हे. लेव्होथायरॉक्सिनचा डोस मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, थोडासा फरकही शरीराला जाणवतो. म्हणून कंपनी बदलली तर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासावा लागतो. त्या तपासणीचे पैसे आणि बुडालेली रोजी कोण भरून देणार? मेडिकलवाला?

धुणीभांडी उरकून संध्याकाळी काउंटरवर उभी राहिलेली आमच्या वस्तीतली बाई 'सेमच आहे, घ्या' एवढ्यावर गप्प बसते. पुढे धडधड वाढली, थकवा आला, तर तिचे नशीब. (व्यवस्थेला हा शब्द फार सोयीचा.)

स्वस्त जेनेरिकला आमचा विरोध नाही. जनऔषधीची गोळी घ्या, पण दर महिन्याला तीच मिळाली पाहिजे. १९४५ च्या औषध नियमांतला नियम ६५ सांगतो की शेड्यूल एचचे चिठ्ठीवरचे औषध दुकानदाराला बदलून देता येत नाही, आतला घटक तोच असला तरीही. लेव्होथायरॉक्सिन आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे. असे औषध बंद करायचे तर २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशानुसार कंपनीला सहा महिने आधी जाहीर सूचना द्यावी लागते.

तेव्हा मित्रहो, डॉक्टरांकडून चिठ्ठीवर कंपनीचे नाव लिहून घ्या, पक्के बिल मागा. गोळी बदलून दिली तर बिल आणि चिठ्ठी जोडून अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा, आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.