रायफल अडकली? आधी मॅगझिन बदलून बघा

अमेठीजवळच्या कोरवा इथल्या कारखान्यात एके-203 बनायला लागल्यापासून एक वाक्य सारखं कानावर पडतं, "इन्सास गेली, सुटलो!" सैन्यासाठी सहा लाखांहून जास्त एके-203 बनवायचा करार 2021 च्या शेवटी झाला, म्हणजे इन्सास मागे पडणार हे खरंच. पण ती एका रात्रीत जात नाही. केंद्रीय दलांकडे आणि अनेक राज्यांच्या पोलिसांकडे ती अजून आहे, आणि तिच्याबरोबर वर्षानुवर्षं वापरलेली मॅगझिनंही आहेत. मला काळजी वाटते ती या मॅगझिनांची.

इन्सास तशी आपल्या पुण्याची. पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या संस्थेत तिचं डिझाइन झालं, आणि तिला लागणारी 5.56 मिमीची काडतुसं जळगाव जिल्ह्यात वरणगावला बनतात. तिचं 20 गोळ्यांचं मॅगझिन अर्धपारदर्शक प्लॅस्टिकचं. किती गोळ्या उरल्या ते बाहेरून दिसावं, ही कल्पना चांगलीच होती. पण 1999 मध्ये कारगिलच्या थंडीत ही मॅगझिनं तडकल्याच्या तक्रारी आल्या. कारण अवघड नाही. प्लॅस्टिक गार झालं की त्याची लवचीकता कमी होते. एरवी दगडावर आपटलं तर ते थोडं वाकून सावरतं, थंडीत तडकतं. त्यात ऊन, तेल आणि वय यांनी ते आधीच कडक झालेलं असेल तर बघायलाच नको. जुन्या फोनचं कव्हर कोपऱ्यात कसं फुटतं, आठवा.

आता मॅगझिन नुसता डबा आहे असं वाटत असेल, तर जरा थांबा. रायफलीतला बोल्ट मागे जाऊन पुढे येतो तो सेकंदाच्या अगदी छोट्या भागात. तेवढ्या वेळात स्प्रिंगने पुढची गोळी वर ढकलून जागेवर आणायची असते. स्प्रिंग थकली असेल तर गोळी पोचायच्या आत बोल्ट तिच्यावरून निघून जातो. चाप ओढला तर नुसता 'टक' आवाज. गोळ्यांखालची पट्टी, म्हणजे फॉलोअर, तिरपा झाला तर गोळीचं नाक खाली जातं आणि समोरच्या भिंतीला अडकतं. आणि वरच्या दोन कडा, ज्यांना ओठ म्हणतात, त्या थोड्याशा फाकल्या तरी गोळी वेळेआधी सुटते, कधी दोन गोळ्या एकदम वर येतात. हे ओठ मला सगळ्यात धोकादायक वाटतात, कारण तिथला एखाद्या मिलिमीटरचा फरक डोळ्यांना कळत नाही.

स्प्रिंगबद्दल एक गैरसमज मात्र फार पसरलाय. मॅगझिन भरून ठेवलं की स्प्रिंग मरते म्हणे. चांगली स्प्रिंग नुसती दाबून ठेवल्याने फारशी थकत नाही. ती थकते पुन्हा पुन्हा भरण्या-रिकामं करण्याने आणि गंजाने. उलट प्लॅस्टिकच्या ओठांवर सतत दाब राहिला तर ते हळूहळू फाकू शकतात. म्हणून तर मॅगपुल या अमेरिकी कंपनीने आपल्या मॅगझिनांना असं झाकण दिलं, जे लावलं की गोळ्यांचा दाब ओठांवरून सुटतो.

दोष शोधायची पद्धत तुम्ही चार्जरसाठी रोज वापरताच. फोन चार्ज होत नसेल तर आधी केबल बदलता ना? तसंच इथे. प्रत्येक मॅगझिनवर नंबर घालायचा आणि अडकण्याची नोंद त्या नंबरापुढे ठेवायची. तेच मॅगझिन दुसऱ्या रायफलीतही अडकलं तर दोषी मॅगझिन. एका रायफलीत सगळीच अडकत असतील तर दोष रायफलीत. हे काम शस्त्रागारातल्या आर्मररचं, घरी करून बघायचं नाही, हे सांगायला नकोच. पण नंबर आणि वही यांना खर्च किती? जवळजवळ शून्य.

हा प्रश्न फक्त आपला नाही. अमेरिकेच्या एम-16 ची ॲल्युमिनियमची मॅगझिनं पातळ पत्र्याची, पटकन चेपणारी. ती दुरुस्त करत बसण्यापेक्षा फेकून द्यावीत, पण सैनिक ती जपून वापरत राहिले. अडकणं कमी व्हावं म्हणून तिथे फॉलोअर अनेकदा बदलले. 2009 मध्ये न डगमगणारा नवा फॉलोअर आणि सुधारलेली स्प्रिंग आली. ब्रिटिशांनी तर एसए-80 रायफलीची मोठी दुरुस्ती करताना मॅगझिनही नवं घेतलं.

एके घराण्याच्या प्लॅस्टिक मॅगझिनांत रायफलीत अडकणाऱ्या भागांना पोलादाचा आधार देतात. त्यामुळे एके-203 कडून माझी अपेक्षा जास्त आहे. पण जुनी इन्सास जेव्हा एका दलाकडून दुसऱ्याकडे जाते, तेव्हा तिच्याबरोबर मॅगझिनं कोणती जातात? तपासलेली, की मिळतील ती? नव्या रायफलींच्या फोटोंसोबत हाही प्रश्न कुणीतरी विचारायला हवा. रात्रीच्या गस्तीवरच्या शिपायाच्या कमरेला तेच जुनं मॅगझिन असतं.