दंतकथा : हलू नका!

मस्कतच्या दवाखान्यात आपली मंडळी खुर्चीत बसताच विचारतात, "डॉक्टर, एक्स-रे हवाच का? रेडिएशनचं काय?" दाताच्या एका छोट्या डिजिटल एक्स-रेचा डोस साधारण ०.००५ मिलिसीव्हर्ट; निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतात. म्हणजे एका दिवसाइतकाही नाही. १८९६ मध्ये वाल्खॉफ यांना स्वतःच्या दातांच्या फोटोसाठी २५ मिनिटं लागली होती! खरा फुकटचा डोस मिळतो तो बिघडलेला फोटो पुन्हा काढताना: डोकं हललं, सेन्सर सरकला, कोन चुकून मुळं आखूड दिसली. तेव्हा क्षणभर स्तब्ध बसा, गरोदर असाल तर आधी सांगा आणि सुट्टीत पुण्याला काढलेला एक्स-रे मोबाइलमध्ये घेऊन या. पण गरजेचा एक्स-रे टाळू नका. मुळाशी साचलेला पू नुसत्या डोळ्यांना दिसत नाही.