साक्षीदाराच्या पिंजऱ्यातली मुलगी



शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, असं आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं. बाईला तर ते दुप्पट जोरानं सांगतात. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून आमच्या केंद्रावर येणाऱ्या बायकांना पोलिसांपेक्षाही कोर्टाची धास्ती जास्त असते. ‘तिथं काय काय विचारतील, ताई?’ हा त्यांचा पहिला प्रश्न. म्हणूनच शाळांमधून मुलं अभिरूप न्यायालय भरवतात, काळा कोट घालून युक्तिवाद करतात, साक्ष देतात, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सुरू झालं आहे. सहा जिल्ह्यांच्या लोकांसाठी उच्च न्यायालय जवळ आलं. आपल्या मुलींच्या मनातही ते जवळ यायला हवं.

पण शहरातल्या एका शाळेत अशी स्पर्धा पाहायला गेले आणि दाताखाली खडा आला. खटला होता नववीतल्या एका मुलीचा. क्लासहून येताना एक मुलगा रोज तिचा पाठलाग करतो, अशी तक्रार. आरोपीची वकील झालेल्या मुलीनं उलटतपासणी सुरू केली. ‘क्लास सुटल्यावर तू थेट घरी का गेली नाहीस?’ ‘त्याच्याकडे पाहून हसली होतीस की नाही?’ ‘मुलांशी बोलायची तुला सवयच आहे ना?’ प्रत्येक प्रश्नाला टाळ्या. साक्षीदार झालेली मुलगी पाठ केलेली उत्तरं विसरली आणि मान खाली घालून उभी राहिली. उत्कृष्ट वकिलाचं बक्षीस अर्थातच उलटतपासणी घेणारीला मिळालं. नंतर शिक्षकांशी बोलले, तर ते म्हणाले, ‘मॅडम, नाटकच आहे ते.’

नाटकच! विजय तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगमंचावर आलं. वेळ घालवण्यासाठी मांडलेला लुटुपुटूचा खटला लीला बेणारे या शिक्षिकेच्या खऱ्या आयुष्याची कशी चिरफाड करत जातो, हे त्यात मराठी प्रेक्षकांनी पाहिलं आहे. खेळ संपतो, पण काय केलं की टाळ्या मिळतात, हे मुलांच्या लक्षात राहतं.

दोष त्या छोट्या वकिलीणबाईंचा नाही. सिनेमात, मालिकांत पाहिलं तेच तिनं केलं. एके काळी खऱ्या कोर्टातही हेच चालायचं. पोलीस चौकीतल्या बलात्काराच्या मथुरा खटल्यात १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. त्यावर १९७९ साली कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. तरी तक्रारदार बाई ‘चारित्र्यहीन’ आहे असं दाखवून तिची साक्ष मोडीत काढण्याची मुभा पुराव्याच्या कायद्यात शिल्लक होतीच. ती जायला २००३ साल उजाडलं. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी आणखी पुढचं पाऊल टाकलं. वकिलानं आपले प्रश्न न्यायाधीशांना सांगायचे आणि मुलाला किंवा मुलीला ते न्यायाधीशांनी विचारायचे. दमदाटीचे किंवा चारित्र्यावर शिंतोडे उडवणारे प्रश्न न्यायालयानं होऊच द्यायचे नाहीत. म्हणजे पॉक्सो न्यायालयात त्या नववीतल्या मुलीला जे असं विचारता आलं नसतं, ते शाळेच्या सभागृहात टाळ्यांच्या गजरात विचारलं गेलं.

आरोपीलाही बचावाचा हक्क आहे, हे मुलांना शिकवायलाच हवं. तक्रारीतली विसंगती शोधणं हे वकिलाचं कामच. पण विसंगती शोधणं वेगळं आणि साक्षीदाराला लाजवणं वेगळं. हा फरक मुलांना समजायचा, तर तो गुणपत्रिकेत दिसला पाहिजे. गैर प्रश्नावर हरकत घेणाऱ्या वकिलाला गुण द्या, तो प्रश्न थांबवणाऱ्या न्यायाधीशाला गुण द्या. अमेरिकेत शाळकरी मुलांची अशी राष्ट्रीय स्पर्धा १९८४ पासून होते. तिथं प्रत्येक संघाला फिर्यादीची आणि बचावाची अशा दोन्ही बाजू तयार कराव्या लागतात. आपणही तसं करू या. आज प्रश्न विचारणारी उद्या पिंजऱ्यात उभी राहील, तेव्हा तिला ते प्रश्न कसे लागतात हेही कळेल.

आणि खटल्यांसाठी लांब जायला नको. स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्धचा कायदा शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात १९१९ साली केला. भारतीय दंडविधानात ४९८-अ कलम यायला त्यानंतर ६४ वर्षं लागली. १९१९ च्या त्या कायद्याखालचा एखादा कल्पित खटला आपल्या मुलांनी उभा करून पाहावा. मदतीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून वकील बोलवावेत. स्त्रियांना आणि मुलांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, हे १९८७ च्या कायद्यातलं कलमही त्या निमित्तानं घराघरात पोचेल.

या मुलांपैकी वकील थोडेच होतील. पण साक्षीदार, शेजारी, पंच, पोलीस, सासू, नवरा यांतलं काही ना काही बहुतेक सगळेच होणार आहेत. एखादी बाई तक्रार घेऊन समोर आली की पहिला प्रश्न काय विचारायचा, हे ती आजच शिकताहेत. तुमच्या गावच्या शाळेत अशी स्पर्धा होत असेल तर जरूर पाहायला जा, शिक्षकांशी बोला आणि काय घडलं ते आम्हाला लिहून कळवा.