परीक्षा दहावीची की माऊसची?

‘चाळिशीच्या बाईला कम्प्युटर कशाला? कागदावर दहावी झाली तरी पुष्कळ,’ असं म्हणणारे आमच्या आदिलाबादेत ढीगभर आहेत. दुसऱ्या बाजूला नव्या दमाचे साहेब लोक. त्यांचं म्हणणं, सगळ्या परीक्षा कम्प्युटरवर न्या, निकाल झटपट लागेल. मला दोघांचंही पटत नाही. परीक्षेला बसणारी बाई दोघांनीही नीट पाहिलेली नाही.

माहेर पैनगंगेच्या पलीकडे, सासर अलीकडे. सातवीत शाळा सुटली ती कायमचीच. हा मुलूख १९५६ साली आंध्रात गेला, २०१४ साली तेलंगणात आला; घरातली मराठी तशीच राहिली. कापूस वेचून, पोरं मोठी करून ती आता म्हणते, मला दहावी व्हायचंय. राष्ट्रीय मुक्त विद्यालयाने तिला वाट दिली आहे. मराठी माध्यम आहे. पाच वर्षांत नऊ संधी, एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं. मागणीनुसार परीक्षा द्यायची तर प्रश्नपत्रिका कम्प्युटर काढून देतो, उत्तरं मात्र ती पेनानेच लिहिते.

पण अर्ज ऑनलाइन. तो भरतो नेटवाला पोरगा. नंबर त्याचा, पासवर्ड त्याच्या वहीत. म्हणजे परीक्षा हिची आणि किल्ली त्याच्या खिशात! उद्या पेपरच पडद्यावर आला तर? तेलंगणात इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा २०१८ पासून कम्प्युटरवर आहे. दहावी फार दिवस मागे राहील असं समजू नका.

अमेरिकेत काय झालं ते बघा. १९४२ साली सैनिकांसाठी निघालेली जीईडी ही तिकडची बाहेरून दहावी-बारावी. २०१४ साली ती कम्प्युटरवर नेली, वर अभ्यासही कठीण केला. पास होणाऱ्यांची संख्या एकदम घसरली. न्यूयॉर्कसारख्या राज्याने ती सोडून कागदाची सोय असलेली दुसरी परीक्षा धरली. २०१६ साली पास होण्याची रेघ १५० वरून १४५ वर आणावी लागली. तिथे ही गत, तर आपल्याकडे काय होईल?

‘अहो, मोबाईल तर सराईत चालवतात,’ असं कोणी म्हणेल. मोबाईलवर बोट अक्षरावरच पडतं. माऊसला हात टेबलावर आणि नजर पडद्यावर. हे हाताला शिकवावं लागतं. गणित कागदावर सोडवून उत्तर पडद्यावर उतरवायचं, त्यात आकडा इकडचा तिकडे होतो. ‘ज्ञ’ नि ‘क्ष’ कोणत्या बटणांनी उमटतात हे कोणी सांगितलंय तिला? बाई इतिहासात पास आणि कीबोर्डात नापास झाली, तर त्या गुणपत्रिकेला दहावीची म्हणायचं कोणत्या तोंडाने?

म्हणून माझी मागणी साधी आहे. अभ्यास केंद्रात कम्प्युटर पहिल्या दिवसापासून हाताखाली द्या. शेवटच्या आठवड्यात लांबून दाखवलेला चालणार नाही. शिकवणारी व्यक्ती तिच्या भाषेत बोलणारी हवी. खऱ्या परीक्षेसारखा पडदा, वर पळणारी वेळ, मागे जाऊन उत्तर बदलण्याची रीत, हे सगळं आधी चार-सहा वेळा होऊ द्या. आपला अर्ज आपल्या नंबरावरून तिनेच भरावा. पहिला धडा तोच. आणि हात बसेपर्यंत कागदाचा पर्याय काढून घेऊ नका. खर्च कोणी करायचा? जो परीक्षा घेतो त्याने.

‘त्यांना जमत नाही’ म्हणणाऱ्यांना एकच विचारते. शिवणयंत्र, गॅस, मोबाईल, बँकेचं एटीएम, यांतलं कोणतं यंत्र ती पोटातून शिकून आली होती? हातात मिळालं, म्हणून आलं. कम्प्युटर हातात न देता त्यावर परीक्षा घ्यायची आणि नापास झाली की तिच्या वयाकडे बोट दाखवायचं, हा कसला न्याय?